काळा दगड, पिवळा दगड: मुंबईतले दोन दिवस

शुक्रवार रात्र

हॉस्टेलवर आम्ही एकमेकींना गावावरूनच हाक मारतो. इथंही तीच नावं ठेवते. विटेकर बी.ए. मराठीची, गडहिंग्लजकर बी.कॉम.ची, जतकर गणिताची, आणि मी कराडकर, बी.एस्सी. भूगर्भशास्त्र, तिसरं वर्ष. चौघींनी मिळून मुंबई बघायची हे पहिल्या वर्षापासून ठरत होतं आणि दर वेळी काहीतरी आडवं येत होतं. या डिसेंबरात सेमिस्टर संपली आणि विटेकरच्या मामांचा फोन आला, "नुसतं येतो येतो काय करताय? तिकिटं काढा. झोपायला जागा माझ्याकडं." त्याच संध्याकाळी महालक्ष्मी एक्स्प्रेसचं स्लीपरचं रिझर्व्हेशन झालं.

प्रत्येकीचं एकेक मागणं होतं. विटेकरला हुतात्मा चौक बघायचा होता. गडहिंग्लजकरला फॅशन स्ट्रीट. जतकरनं आजवर समुद्र पाहिला नव्हता, तिला तेवढाच पुरे होता. मला अंधेरीचा गिल्बर्ट हिल हा कातळाचा डोंगर हवा होता. निघायच्या आदल्या दिवशी आमचे सर म्हणाले, "गिल्बर्ट हिल बघच. पण त्याआधी फोर्टातल्या जुन्या इमारतींच्या भिंती बघ. दगड ओळखायला त्याहून चांगली प्रयोगशाळा नाही." म्हणून गळ्यात हँडलेन्स अडकवून घेतला. दहापट मोठं दाखवणारं ते छोटंसं भिंग आहे, आम्हा जिऑलॉजीवाल्यांच्या गळ्यात फील्डवर कायम असतं.

कराड स्टेशनवर गाडी दोनच मिनिटं थांबली. तेवढ्यात बाबांनी खिडकीतून धपाट्यांचा डबा आत सरकवला, "चौघी एकत्र राहा" म्हणाले, आणि गाडी हलली. पुढं झोप. जाग आली ती लोणावळा सोडल्यावर. बोरघाटातला हा लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला. बोगद्याच्या तोंडाशी डब्यातला उजेड क्षणभर कापलेल्या कातळावर पडायचा आणि मी काचेला नाक लावून तो पकडायला बघायचे. आपल्या सह्याद्रीत लाव्हाचे थर जवळजवळ आडवे, एकावर एक भाकरी रचल्यासारखे असतात. घाट उतरून पनवेलच्या पलीकडं गेलं की तेच थर पश्चिमेला, समुद्राकडं कलतात. वर्गात फळ्यावर हा छेद मी चार वेळा काढलाय. त्याच थरांमधून आपण खाली चाललोय हे कळल्यावर परत झोप लागली नाही.

शनिवार

सकाळी साडेसातच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. प्लॅटफॉर्मवरून बाहेर येऊन रस्ता ओलांडला आणि मागं वळून पाहिलं. ही इमारत बाहेरूनच बघावी लागते. आत असताना आपण फक्त गर्दी बघतो. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सचा हा आराखडा, १८७८ मध्ये सुरू झालेलं काम पुरं व्हायला दहा वर्षं लागली. कमानींच्या कडांना मोर, माकडं, पानं, वेली कोरल्यात. त्यातलं पुष्कळ कोरीवकाम त्या वेळच्या कलाशाळेच्या, म्हणजे आजच्या जे. जे.च्या, विद्यार्थ्यांनी केलेलं आहे. विद्यार्थ्यांनी! आमच्याच वयाच्या पोरांनी कोरलेली खार सव्वाशेहून जास्त वर्षं तिथं शेपूट वर करून बसलीय, हे मी तिघींना दोन-दोनदा सांगितलं. गडहिंग्लजकर म्हणाली, "आधी चहा घे, मग सांग."

मामांचं घर काळबादेवीच्या एका गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. लाकडी जिना, पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या. दोन खोल्या आणि एक पोटमाळा. मामींनी पोहे तयार ठेवले होते. आंघोळी उरकून दहाच्या आत गेटवेला पोचायचं होतं, कारण घारापुरीला जायचं तर सकाळचीच लाँच बरी.

जतकरला समुद्र दिसला तो गेटवेच्या कमानीतून. जॉर्ज विटेटनं बांधलेली, १९२४ साली खुली झालेली ती कमान इथल्याच पिवळट दगडाची आहे, जाळ्या तेवढ्या ग्वाल्हेरहून आणलेल्या. मी जाळ्यांकडं बघत होते. जतकर सरळ कठड्यापर्यंत गेली आणि दोन्ही हात कठड्यावर ठेवून उभी राहिली. आम्ही कोणी बोललो नाही. तिच्या गावाला उन्हाळ्यात टँकर येतो, आणि टँकर आला की वर्ग सोडून घरी पळणारी ही मुलगी आहे. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं ते एवढंच, "हे हलतं का गं सारखं? रात्रीपण?" हो म्हटलं.

लाँचला तासभर लागतो. हिवाळ्यात समुद्रपक्षी बोटीच्या मागं लागतात, अगदी हाताच्या अंतरावर येऊन हवेत थांबल्यासारखे दिसतात. वारा जोरात होता. जतकर मुद्दाम कडेच्या बाकावर बसली आणि तोंडावर उडणारे तुषार तिनं पुसले नाहीत.

घारापुरीला उतरल्यावर धक्क्यापासून बेटापर्यंत लांब बांध आहे, छोटी गाडी जाते, आम्ही चालत गेलो. ओहोटीचा चिखल, तिवरं, मग दोन्ही बाजूंना दुकानं असलेल्या पायऱ्या. वाटेच्या कडेला उघडा पडलेला कातळ दिसला तिथं मी बसले. लेन्स लावला. बेसाल्ट, म्हणजे गोठलेला लाव्हा. काळा, अगदी बारीक कणांचा, आणि त्यात फेल्डस्पार या खनिजाच्या सुईएवढ्या चकाकत्या काड्या. कराडच्या आमच्या घराच्या पायातला दगड मी लहानपणापासून बघत आलेय, हा त्याच्याच नात्यातला. तिघींनाही बघायला लावलं. एरवी कंटाळणारी गडहिंग्लजकरसुद्धा "चमकतंय की आत!" म्हणाली आणि लेन्स सोडेना.

आणि मग पहिल्या क्रमांकाचं लेणं. त्याचा काळ साधारण सहाव्या शतकाच्या सुमाराचा धरतात. उन्हातून आत शिरल्यावर काही दिसतच नाही. डोळे सरावले की आधी खांब उगवतात, वरचा भाग आवळ्यासारखा फाकाफाकांचा, आणि मग अगदी शेवटी, मागच्या भिंतीत, शिवाची तीन मुखांची महेशमूर्ती. उंची जवळजवळ वीस फूट. मधला चेहरा शांत, डोळे मिटलेले. आपल्या डाव्या हाताचा चेहरा उग्र, मिशांचा, सापासह. उजव्या हाताचा सौम्य, हातात कमळ. फोटोत हे सगळं पाहिलेलं असतं. फोटोत जे येत नाही ते असं की मूर्ती भिंतीला लावलेली नाही, भिंतीतच आहे. बाहेरून एकही दगड आत आणलेला नाही. डोंगर होता, त्यातलं नको ते काढून टाकलं, राहिलं ते हे. बेसाल्टमध्ये छिन्नी चालवणं काय असतं ते मला ठाऊक आहे. फील्डवर मूठभर नमुना काढताना हातोडा उसळून मनगट दुखतं. इथं खालच्या ओठाची वळलेली कड अशी आहे की ती ओली असेल असं वाटावं. एक घाव जास्त पडला असता तर तो ओठ परत लावता आला नसता. मी तिथं जमिनीवर बसून राहिले. बाकीच्या तिघी गंगाधर, अर्धनारीश्वर, कल्याणसुंदर ही शिल्पं बघून परत आल्या तरी मी तिथंच. रावणानं कैलास हलवल्याचा देखावा त्यामुळं माझा घाईघाईत झाला, याची चुटपुट लागली आहे.

परत गेटवेला यायला तीन वाजले. वडापाव खाऊन पायीच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाकडं. विटेटचीच ही इमारत, १९२२ पासून लोकांसाठी खुली. संग्रह बघायला दोन तास पुरणार नव्हतेच, पण मला आधी भिंत बघायची होती. करडा-काळा दगड कुर्ल्याचा बेसाल्ट, मळकट पिवळा दगड मालाडचा ट्रॅकाइट. दोन्ही ज्वालामुखीचेच, दोन्ही मुंबईचेच. बेसाल्टमध्ये लोह-मॅग्नेशियम जास्त, म्हणून तो काळा. ट्रॅकाइटमध्ये सिलिका, म्हणजे वाळूतलं मुख्य द्रव्य, जास्त, लोह कमी, म्हणून तो भाकरीच्या रंगाचा. एकाच भिंतीत दोघे शेजारी. मी लेन्स लावून भिंतीला चिकटलेली बघून तिथले सुरक्षारक्षक काका आले. वाटलं, आता ओरडणार. त्यांनी विचारलं, "काय हरवलं का बाळ?" सांगितलं तसं त्यांनीही लेन्स घेतला, आधी पिवळा दगड पाहिला, मग काळा, मग परत पिवळा. "मालाडचा? मी मालाडलाच राहतो," म्हणाले. "तिथं असा दगड मी कधी बघितला नाही." तो दगड गेला कुठं, तर फोर्टात. डेव्हिड ससून लायब्ररी त्याच पिवळ्या दगडाची, समोरच.

हुतात्मा चौकात पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. तिथलं फ्लोरा फाउंटन १८६४ सालचं. इंग्लंडहून आणलेल्या पोर्टलंड दगडाचं, म्हणजे ज्युरासिक काळातल्या समुद्राच्या तळाशी साठलेला तो चुनखडक. दोन दिवसांत बघितलेला हा एकच दगड आगीतून न आलेला आणि समुद्रापलीकडून आलेला. त्याच्या बाजूला शेतकरी आणि कामगाराचं, हातात मशाल घेतलेलं स्मारक. २१ नोव्हेंबर १९५५ ला याच चौकात संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला होता, आणि १ मे १९६० उजाडेपर्यंत शंभरावर माणसं गेली. विटेकरनं चपला काढल्या आणि अनवाणी पुढं गेली. आजूबाजूनं ऑफिस सुटलेली माणसं धावत होती, कोणी थांबत नव्हतं. त्या माणसांना दोष देता येत नाही, त्यांना लोकल गाठायची असते. पण आम्ही चौघी थांबलो, हे बरं केलं.

फॅशन स्ट्रीट अर्ध्या तासात आटोपला. गडहिंग्लजकरनं दोन कुर्ते घेतले, भाव तिनं असा केला की दुकानदारानं तिला गाव विचारलं. ओव्हलच्या कडेनं राजाबाई टॉवर बघत मरीन ड्राइव्हला गेलो. कठड्यावर बसून भरतीचं पाणी काँक्रीटच्या टेट्रापॉडवर आपटताना बघितलं, आणि जतकर पुन्हा एकदा भिजली.

दिवसातली सगळ्यात मोलाची गोष्ट मात्र घरी घडली. विटेकरचे मामा गलाईवाले. विटा, खानापूर, आटपाडी भागातली माणसं या धंद्यात देशभर पसरलेली आहेत, मामाही सोळाव्या वर्षी असेच चुलत्यांबरोबर मुंबईला आले. जुने दागिने, तुकडे, भुकटी मुशीत वितळवायची, सोनं शुद्ध करून द्यायचं. जेवताना मी दगडांबद्दल बोलत होते. मामा ऐकत होते. हात धुऊन ते उठले आणि कपाटातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी आणलं. "तुझ्या भिंगानं हा बघ." साबणाच्या वडीएवढा, गुळगुळीत, मिट्ट काळा दगड. कसोटी.

मामांनी आपली अंगठी त्यावर घासली, एक पिवळी रेघ उमटली. मग मामींच्या जुन्या कानातल्याचा तुटका फासा घासला, शेजारी दुसरी रेघ. माझ्या डोळ्यांना दोन्ही सारख्याच. मामांनी बाटलीतून काडीनं तेजाबाचा थेंब दोन्हींवर ओढला. पहिली तशीच राहिली, दुसरी हिरवट फेसाळून फिकी झाली. "कस कमी," मामा म्हणाले. मी लेन्समधून बघितलं. रेघ सलग नव्हतीच. दगडाच्या न दिसणाऱ्या खरखरीत पृष्ठभागानं सोन्याचे कण खरवडून धरून ठेवले होते, काळ्या रात्री दूरच्या गावाचे दिवे दिसावेत तसे. हा बेसाल्ट नव्हता, माझ्या अंदाजानं चर्टच्या जातीचा, सिलिकाचा घट्ट दगड होता. तेजाबाला दाद न देणारा, म्हणून तर तो या कामाचा.

विटेकर म्हणाली, "कसोटी हा शब्द आपण हजार वेळा लिहिला असेल. वस्तू आज पहिल्यांदा बघितली." मामांच्याकडं ती वस्तू त्यांच्या चुलत्यांकडून आली, चुलत्यांकडं त्यांच्या उस्तादांकडून. किती रेघा पुसल्या असतील तिच्यावरून.

रविवार

पहाटे साडेचारला पाणी येतं, तासाभरात जातं. मामींनी आम्हाला उठवायचं नाही असं ठरवलं होतं. मी भांड्यांच्या आवाजानं जागी झाले तर जतकर आधीच मोरीत. एक पिंप भरून दुसऱ्यात नळी घातलेली, कळशा ओळीनं लावलेल्या, पहिल्या धारेचं पाणी वेगळ्या बादलीत धुण्यासाठी काढलेलं. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. मामी दारात उभ्या राहून बघत होत्या. "कुठली गं तू पोरी?" "जत, मामी." "मग बरोबर," म्हणाल्या. नंतर चहा पिताना जतकरनं विचारलं, हे पाणी येतं कुठून. विहार, तुळशी, तानसा, वैतरणा, भातसा अशी तलावांची नावं मी सांगितली, त्यातले काही पार शहापूरच्या डोंगरांत. म्हणजे मुंबईचं पाणीही सह्याद्रीच्या पायथ्याहूनच येतं. तिनं ती नावं वहीत लिहून घेतली.

आठ-नऊला निरोप घेतला, पिशव्या मात्र तिथंच ठेवल्या. भायखळ्याचं तिकीट पाच रुपये. राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या शेजारी, एक दगडी हत्ती उभा आहे. त्याला बघायला फार कोणी येत नाही, मुलं पेंग्विनकडं पळतात. पण घारापुरीला पोर्तुगीजांनी एलिफंटा म्हटलं ते याच हत्तीमुळं. तो बेटावर धक्क्याजवळ उभा होता. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचं ठरलं, उचलताना क्रेन तुटली, हत्ती खाली पडून फुटला. तुकडे इथं आणले गेले आणि १९१४ साली ते परत जोडण्यात आले. अंगावरचे सांधे दिसतात. काल त्याच बेटावर मी तासभर बसले होते, म्हणून असेल, मला त्याच्याजवळ गलबलून आलं. तो गेला असता तर परदेशातल्या एखाद्या दालनात, नावाच्या पाटीसह, अखंड उभा असता. इथं तो फुटका आहे, पण त्याच्याच जातीच्या दगडावर उभ्या असलेल्या शहरात आहे. मला हा फुटका हत्ती हवाय.

पुढं दादरला गाडी बदलायची होती. रविवार, त्यात मेगाब्लॉक. बायकांच्या डब्यात "उतरायचंय का? दादर?" असं पाठीमागच्या बायकांनी विचारलं, आम्ही हो म्हणेपर्यंत लोंढ्यानं बाहेर टाकलं. मोजलं तर तीनच. गडहिंग्लजकर दारापासून दोन माणसं आत, हात वर करून ओरडत होती, "मी येतो परत! थांबा तिथंच!" आणि गाडी माटुंग्याकडं निघून गेली. हरवल्यावर जिथं आहोत तिथंच थांबायचं हे शुक्रवारीच ठरलं होतं, तेवढं एक शहाणपण कामाला आलं. वीस मिनिटांनी ती पुलावरून उतरली, हातात चिक्कीचं पुडकं. माटुंग्याला एका आजींनी तिला योग्य प्लॅटफॉर्मवर नेऊन, गाडीत चढवून मग आपली गाडी धरली म्हणे.

अंधेरीला पश्चिमेला उतरून रिक्षा. गल्ल्या अरुंद होत गेल्या, दोन्ही बाजूंना घरं, दोऱ्यांवर कपडे, आणि मला काही दिसेना. रिक्षावाले काका म्हणाले, "वर बघा." इमारतींच्या मधून, सरळ उभा, दोनशे फूट उंच काळा कडा.

गिल्बर्ट हिल. सहा कोटी वर्षांहून जुना. लाव्हा निवताना आकसतो, आकसताना त्याला तडे जातात, आणि ते तडे एकसारखे आत जात गेले की दगडाचे उभे बहुकोनी खांब तयार होतात. पन्हाळा तालुक्यातल्या बांदिवड्याला आम्ही असे खांब फील्ड ट्रिपला पाहिलेत, पण तिथं आजूबाजूला मोकळं रान आहे. इथं खांबांच्या मुळाशी घरांची छपरं टेकलीत. भोवतालचा दगड खाणीवाल्यांनी काढून नेला, म्हणून हा इतका उभा, इतका एकटा दिसतो. कातळात खोदलेल्या पायऱ्या चढून वर गेलो. वर गावदेवीचं देऊळ, थोडी झाडं, गार वारा. दर्शन घेतलं. कठड्याशी उभं राहिलं की चहूकडं फक्त इमारती.

खाली उतरल्यावर मी एका खांबाला हात लावून उभी राहिले. सहा बाजू मोजल्या, शेजारच्याला पाच. दारात भांडी घासत बसलेल्या एका ताईंनी विचारलं, कॉलेजच्या का? अशा पोरी-पोरं अधूनमधून येतात म्हणाल्या. त्यांचं घर खांबांपासून दहा पावलांवर. पावसाळ्यात वरून दगड सुटायची भीती वाटते, म्हणाल्या. वारसा यादीत हा डोंगर आहे, तो राहायलाच हवा. आणि त्या ताईंच्या डोक्यावर काही पडता कामा नये. दोन्ही गोष्टी एकाच दहा पावलांत आहेत, आणि अभ्यास करणाऱ्या माझ्यासारखीनं पहिलीच गोष्ट बघून परत जाणं मला पटत नाही. थर्ड इयरच्या प्रोजेक्टला विषय शोधत होते. उतारांची स्थिरता हा विषय घेते आहे.

कान्हेरी राहिलं. बाणगंगाही. पाचपर्यंत काळबादेवीला परतलो, पिशव्या घेतल्या, मामींनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, मामा स्टेशनपर्यंत आले. जतकरच्या हातात मामींनी वेगळी पाण्याची बाटली दिली, "तू भरलेलंच आहे" म्हणाल्या.

गाडी कल्याण सोडून पुढं आली तेव्हा बाकीच्या दोघी आडव्या झाल्या होत्या. जतकर दिव्याखाली बसून आपल्या काळ्या पिशवीचा पट्टा निरखत होती. त्यावर पांढरे डाग पडले होते, कालच्या तुषारांचे, वाळलेले. झटकायला गेली, थांबली, आणि माझ्याकडं हात पुढं केला. मी गळ्यातला लेन्स काढून दिला. कसा धरायचा ते आता तिला सांगावं लागलं नाही. डोळ्याजवळ लेन्स, लेन्सजवळ पट्टा, दिव्याकडं तोंड.

"चौकोनी आहेत गं," ती म्हणाली. "सगळे चौकोनी."